छाटणीच्या दिवसांतली हेडर फाइल

ऑक्टोबरचं ऊन पुन्हा चढायला लागलं आहे. लॅबच्या दाराबाहेर आम्ही चपला काढतो तिथे दुपारी ऊन येतं, आणि तास संपवून बाहेर आलं की चपला घालताना तळवे भाजतात. आत मात्र पंख्यांची घरघर, यूपीएसचा एकसुरी आवाज आणि तापलेल्या मशीनमधून येणारा धुळीचा वास. परवा मी आत शिरले तेव्हा खालच्या वर्गातली एक मुलगी पडद्याकडे बघत गप्प बसली होती. पडद्यावर लाल अक्षरांत 'फेटल एरर', आणि पुढे निरोप की अमुक नावाची हेडर फाइल या मशीनवर नाही. तिच्या मागे उभी राहून मी ती ओळ वाचली आणि मला हसू आलं. तिच्यावर नाही हसले. मागच्या वर्षीचा सबंध ऑक्टोबर एकदम आठवला म्हणून.

मी एम.एस्सी.ला आहे, कॉम्प्युटर सायन्स. असं लिहितानाही जरा थांबायला होतं, कारण आमच्या घरात याआधी असं वाक्य कुणी लिहिलेलं नाही. आई-वडील पेठच्या पुढच्या एका पाड्यावरचे. दसरा झाला की गावातली टोळी निफाडकडच्या द्राक्षमळ्यांवर जाते आणि चार महिने तिथेच शेडमध्ये राहते. घराला कुलूप. त्यामुळे ऑक्टोबर आला की मला घर नसतं, वसतिगृहातली एक खाट असते. तिच्या डोक्याशी एक खिडकी आहे आणि खिडकीत माझा स्टीलचा डबा. बस. पण तेवढं होतं म्हणून कॉलेज होतं.

त्या खाटेचा नियम सोपा होता. सत्राचा निकाल दाखवायचा, मग पुढच्या सत्रासाठी अर्जावर शिक्का. एका जरी विषयात नापास झालं तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. तिसऱ्या वर्षाच्या त्या सत्रात प्रॅक्टिकलला स्वतःचा प्रोग्राम लिहून, परीक्षकासमोर कंपाइल करून चालवून दाखवायचा होता. कंपाइल म्हणजे आपण लिहिलेलं मशीनला चालवता येईल अशा रूपात आणणं. तेच झालं नाही तर पुढे बघण्यासारखं काही उरतच नाही.

मी एसटी स्टँडवरच्या वेळापत्रकाचा प्रोग्राम लिहिला होता. सबंध पडदा भरून फळा दिसायचा, चौकटी आखलेल्या, बाणाचं बटण दाबलं की एकेक गाडी उजळायची. तो मी रोहिणीच्या लॅपटॉपवर लिहिला. रोहिणी माझ्या वर्गातली, नाशिकरोडची, वडील शिक्षक. तिचा लॅपटॉप ती मला वापरायला द्यायची, आणि देताना उपकार केल्यासारखं कधी दाखवायची नाही. तिच्याकडे प्रोग्राम झकास चालला. आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. मग मी तो पेनड्राइव्हवर घेऊन लॅबमध्ये गेले, कारण परीक्षा लॅबच्याच मशीनवर होणार होती. तिथे पहिल्यांदा ती लाल ओळ दिसली. कर्सेस नावाची हेडर फाइल नाही.

हेडर फाइल म्हणजे काय हे मी आता कुणालाही सांगू शकते. पडद्यावर चौकट आखणं, उजेड पाडणं ही कामं मी स्वतः लिहिलेली नव्हती, ती कुणीतरी आधीच लिहून ठेवली आहेत. हेडर ही त्या कामांची यादी असते, कुठल्या कामाचं नाव काय आणि त्याला काय द्यावं लागतं याची. प्रत्यक्ष काम दुसरीकडे असतं, लायब्ररीत. यादी नसेल तर कंपायलर पहिल्याच ओळीला अडतो. पण तेव्हा मला एवढंच कळलं होतं की एक फाइल कमी आहे, आणि कमी आहे ती आणायची.

म्हणून आणली. रोहिणीच्या लॅपटॉपवरून ती एकच फाइल उचलली आणि लॅबमध्ये माझ्या प्रोग्रामशेजारी ठेवली. कंपाइल केलं. कर्सेसबद्दलची तक्रार गेली आणि तिच्या जागी नवी आली, कारण कर्सेसच्या आत आणखी एका फाइलचं नाव होतं. ती दुसऱ्या दिवशी आणली. ती फाइल शेजारीच पडलेली, मला डोळ्यांनी दिसते आहे, आणि मशीन म्हणतं, नाही. दोन दिवस त्यात गेले. मग कळलं की कंपायलर ठरलेल्याच जागी शोधतो, शेजारी बघ असं त्याला वेगळं सांगावं लागतं. सांगितलं. त्याने शेजारी बघितलं, आणि तिसरी फाइल मागितली.

लॅबचे भास्करकाका हे सगळं बघत होते. ते लॅब सांभाळतात. प्रोग्राम लिहीत नाहीत, पण कुठल्या मशीनचा पंखा कधी आवाज करेल हे त्यांना झोपेतही सांगता येईल.

"सुनंदा, तू रोज पेनड्राइव्हला फिरायला आणते काय?" ते म्हणाले.

"एक फाइल राहिली होती, काका."

"काल पण एकच राहिली होती."

परीक्षेचे दिवस म्हणून लॅबचं इंटरनेट बंद केलेलं होतं. तो दरवर्षीचा रिवाज, कॉपी होऊ नये म्हणून. त्यामुळे बाकीची मुलं घरी ज्या एका आज्ञेत हे मिटवतात ती आज्ञा लॅबमध्ये चालत नव्हती. तिसरी फाइलही मी आणली. या वेळी हेडरबद्दल एक शब्द आला नाही. मी खुर्चीत मागे टेकले. आणि तेवढ्यात खाली एक ओळ उमटली की लायब्ररीच सापडत नाही. यादी मिळाली होती, यादीतलं सामान नव्हतं.

त्या दिवशीही मी कुणाला काही विचारलं नाही. मला वाटत होतं की बाकीच्यांना हे माहीत असणार. वर्गात असं पुष्कळदा व्हायचं. कुठला अर्ज कुठे द्यायचा, सरांना केव्हा भेटायचं, व्हायवा म्हणजे नेमकं काय, हे कुणीही विचारत नसे, कारण घरातच दादाकडून, मामाकडून आलेलं असे. विचारलं की आपलं अज्ञान दिसतं, म्हणून मी न विचारता एकेक गोष्ट गोळा करत तीन वर्षं काढली होती. हेडर फायलींचंही मी तेच करत होते. हे मला आत्ता लिहिताना दिसतंय. तेव्हा दिसलं नव्हतं.

रविवारी मी आईकडे गेले. निफाडच्या बाजूला तेव्हा छाटणी ऐन भरात होती. द्राक्षाचा मळा छाटला की ओळखू येत नाही. सगळी हिरवाई खाली पडलेली, वर नुसत्या तपकिरी काड्या तारांवर ओढलेल्या, आणि कापलेल्या प्रत्येक काडीच्या टोकाला पाण्याचा एक थेंब. बायका हाताला प्लास्टिक बांधून डोळ्यांना पेस्ट लावत होत्या. डोळा म्हणजे काडीवरचा कोंब फुटायचा ठिपका. कोंब एकसारखे फुटावेत म्हणून लावायची ही पेस्ट गुलाबी, तिचा वास नाकात चढतो, आणि संध्याकाळी कितीही हात धुतले तरी भाकरीला तो वास येतो. पण तो वास आला की मला आपली माणसं जवळ आहेत असं वाटतं. आमची घरातली बोली वेगळी आहे, इथे मी ती सगळ्यांना कळेल अशी लिहिते.

"काय गं सुनंदे, तोंड पाडून आली?" हौसामावशीनं ओळीच्या पलीकडून विचारलं. ती मुकादमाची बायको, टोळीतल्या बायका तिच्या शब्दावर चालतात.

"परीक्षा हाय, मावशी."

"ती तर तुझी बारा महिने असते. आज काय झालं?"

"कंप्युटर बिघडवला असंल," आई म्हणाली. हात थांबवला नाही तिने.

"बिघडला नाय. त्याला एक फाइल लागते म्हणून आणून दिली. ती म्हणते मला दुसरी पायजे. दुसरी दिली तर म्हणते तिसरी."

"म्हणजे आमचा जावई," हौसामावशी म्हणाली, आणि अख्खी ओळ हसली.

आई हसली नाही. तिने हातातला पेस्टचा बोळा डब्यात ठेवला. "आणि तू एकेक नेते?"

"मग?"

"निघायच्या आधी विचारलं नाय?"

"कुणाला?"

"ज्याला लागतं त्याला! कुणाला काय!"

हे मी लहानपणापासून दर वर्षी ऐकलं होतं, आणि एकदाही ते माझ्या कामाचं आहे असं वाटलं नव्हतं. टोळी निघायच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे सगळ्या बायका अंगणात बसतात. एकजण वस्तूचं नाव घेते, बाकीच्या विचारतात, तिला काय लागतं? पिठाला परात. परातीला? काय नाय. चुलीला लाकडं, लाकडांना कोयता, कोयत्याला कानस, कानशीला? काय नाय. 'काय नाय' असं उत्तर आल्याशिवाय दुसऱ्या वस्तूचं नाव घ्यायचं नाही, असा दंडक. मुलं मध्येच आचरटपणा करतात, आजीला काय लागतं, तंबाखू, तंबाखूला काय लागतं, आजी. बायका हसतात, पण मोजणी सोडत नाहीत. कारण मी सहा वर्षांची असताना एकदा घाईत न बसताच निघालो होतो. स्टोव्ह आणला, रॉकेल आणलं, आणि स्टोव्हची पिन राहिली. रस्ता लांब, दुकान लांब. तीन दिवस सगळी टोळी मळेवाल्याकडून मागून आणलेल्या मुरमुऱ्यांवर राहिली. आईने त्यानंतर कुठलीच वस्तू एकटी उचलली नाही.

मळ्यातून परतताना बसमध्ये मी तशीच मोजणी लिहायला वहीचं पान फाडलं.

रोहिणीच्या लॅपटॉपला मी त्या दिवशी पहिल्यांदा सरळ विचारलं. ही हेडर फाइल तुझ्याकडे कुणी आणली? असं विचारायची एक आज्ञा असते, मला ती माहीतच नव्हती. लॅपटॉपने उत्तर दिलं, एका पॅकेजचं नाव. नावाच्या शेवटी 'डेव्ह'. म्हणजे बनवणाऱ्यांसाठीचं. तयार प्रोग्राम नुसता चालवणाऱ्याला जेवढं लागतं तेवढं लिनक्स, म्हणजे मशीन चालवणारी मूळ प्रणाली, आधीच ठेवते. जो स्वतः बनवायला बसतो त्याला जास्त लागतं, आणि ते मागून घ्यावं लागतं. तीन हेडर आणि लायब्ररीकडे नेणारी वाट, सगळं त्या एका पॅकेजात बांधलेलं होतं. मी चार दिवस गाठोड्यातून एकेक वस्तू काढून नेत होते.

"आता त्या पॅकेजला विचार, त्याला काय लागतं," मी म्हटलं.

रोहिणी माझ्याकडे बघायला लागली. "तू आज वेगळीच बोलतेयस."

"विचार ना."

त्याला आणखी तीन पॅकेजं लागत होती. त्या तिघांना विचारलं. त्यांना जे लागतं ते कुठल्याही लिनक्सवर आधीपासून असतंच, लॅबच्या मशीनवरही. म्हणजे काय नाय. मी कागदावर तिथे तसंच लिहिलं, 'काय नाय', आणि खाली रेघ मारली. मग रोहिणीच म्हणाली, "थांब, लॅबचं लिनक्स माझ्यापेक्षा जुनं आहे. आकडे जुळायला हवेत." नावापुढचा आवृत्तीचा आकडा चारही पॅकेजांचा सारखा लागतो, आणि तोही लॅबमधल्या लिनक्सचा. मी दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जाऊन तो आकडा उतरवून आणला. तिने त्या आकड्याची चारही पॅकेजं इंटरनेटवरून पेनड्राइव्हवर घेऊन दिली.

आता एकच गोष्ट राहिली होती, आणि ती कुठल्याही आवृत्तीत मिळत नव्हती. मशीनवर काही बसवायचं तर पासवर्ड भास्करकाकांकडे, आणि काकांना विभागप्रमुख सरांची सही हवी.

सरांच्या केबिनसमोर मी तीनदा जाऊन परत आले. चौथ्यांदा काका जिन्यात भेटले.

"दारावर सही मिळते काय? आत जा की."

"सर रागावतील, काका."

"मग रागावू दे. रागावून झाल्यावर सही करतील."

आत गेले. सर म्हणाले, "परीक्षेच्या तोंडावर मशीनना हात लावायचा नाही." ते बरोबर होतं, मला पटतही होतं. एरवी मी तिथूनच 'हो सर' म्हणून वळले असते. पण हातात कागद होता. मी तो टेबलावर ठेवला. सरांनी चष्मा वर करून वाचला. चार नावं, चार आकडे, प्रत्येकासमोर त्याला काय लागतं ते, आणि शेवटच्या तीन ठिकाणी काय नाय.

"यातलं एखादं राहिलं असेल तर?"

"नाही राहणार, सर. सगळ्यांना विचारलंय."

"कुणाला?"

"पॅकेजांना."

सर हसले. मग एकदम गंभीर झाले. "परीक्षेला मशीन चिठ्ठी टाकून मिळतं, माहिती आहे ना? तुझ्या एका मशीनवर बसवून चालणार नाही. सगळ्यांवर बसव. आणि आधी एकावर करून मला दाखव."

एकावर केलं. चारही पॅकेजं एकाच आज्ञेत, एकत्र. काकांनी पासवर्ड टाकताना मला मान वळवायला लावली. ओळी सरसर खाली गेल्या, कुठे तक्रार नाही. माझ्या फोल्डरमधल्या त्या उसन्या आणलेल्या तीन हेडर फायली मी आधीच पुसून टाकल्या होत्या. कंपाइल केलं. आणि काहीच झालं नाही. म्हणजे एकही ओळ आली नाही, नुसता कर्सर पुढच्या ओळीवर जाऊन लुकलुकायला लागला. कंपायलर खूश असला की बोलत नाही. मी प्रोग्राम चालवला, आणि लॅबच्या त्या जुन्या पडद्यावर माझा फळा उभा राहिला. काका वाकून बघत म्हणाले, "पेठची शेवटची गाडी चुकीची टाकलीस. ती आता लवकर सुटते." मग सरांना बोलावून दाखवलं, आणि त्यांनी सही केली.

मग दोन दुपारी आम्ही चोवीस मशीन केली. काका पासवर्ड टाकत पुढे, मी पेनड्राइव्ह घेऊन मागे, प्रत्येकावर माझा प्रोग्राम कंपाइल करून बघायचा आणि कागदावर बरोबरची खूण. बाहेर ऊन रणरणत होतं, आत चोवीस पडद्यांवर एकामागून एक माझा फळा लागत होता. मागच्या बाकावरची तीन मुलं अडलेली होती, त्यांनाही तीच हेडर हवी होती आणि त्यांनीही कुणाला सांगितलं नव्हतं. हे कळल्यावर मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. त्यांतली एकजण म्हणाली, "तू बसवलंस? तू?" मी म्हटलं, "हो. मी."

परीक्षेच्या दिवशी मला अकरा नंबरचं मशीन आलं. बाहेरून आलेले परीक्षक खणखणीत आवाजाचे गृहस्थ होते. त्यांनी माझं कंपाइल पाहिलं, फळा पाहिला, बाण वरखाली केले, आणि भुवई उंचावली.

"हे तयार करून आणलेलं दिसतंय. या मशीनवर आधीच काहीतरी ठेवलं असणार."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझा आवाज गेला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

"सर, दुसऱ्या मशीनवर करून दाखवू?"

"कुठल्या?"

"तुम्ही सांगाल त्या."

त्यांनी सबंध खोलीवर नजर फिरवली आणि अगदी कोपऱ्यातल्या मशीनकडे बोट केलं. मी नुसती प्रोग्रामची फाइल घेऊन गेले. कंपाइल. गप्प. चालवला. मग त्यांनी विचारलं की ही हेडर नसती तर काय केलं असतं. मी सांगत गेले, आधी काय चुकलं, फाइल एकटी का आणायची नाही, ती कुणाची आहे हे कसं विचारायचं, मग त्याला काय लागतं, मग त्याला काय. घड्याळ बघून शेवटी तेच म्हणाले, "पुरे, पुरे. बस आता." दारापाशी भास्करकाका हाताची घडी घालून उभे होते, आणि चोवीसच्या चोवीस मशीन त्यांचीच असल्यासारखे छाती काढून.

लेखी पेपर आधीच झाले होते, सगळा निकाल पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या फळ्यावर लागला. मी नाव दोनदा वाचलं, मग रोहिणीने बोट ठेवून वाचलं. दुपारी वसतिगृहाच्या बाईंनी अर्जावर शिक्का मारला, शाई जरा पसरली, मी ती फुंकून वाळवली. आणि वरच्या मजल्याच्या व्हरांड्यातून आईला फोन लावला. तिचा साधा बटणांचा फोन, वारं आणि फवारणीच्या मशीनचा आवाज त्यातून आधी ऐकू येतो, आई नंतर.

"आई, पास झाले."

"आँ?"

"पास! सगळ्यात!"

"आणि खोली?"

"राहिली. शिक्का मारला आत्ताच."

ती दूर तोंड करून कुणाला तरी ओरडली, आणि पुन्हा फोनवर आली. "थांब. हौसा म्हणते, तिला ऐकायचंय. सगळ्यांना ऐकायचंय. मी फोन मोठा करून वर धरते. तू सांग."

"आई, तूच सांग ना."

"मी कशाला? पास तू झाली का मी? बोल. आणि मोठ्यानं बोल, इथं मशीन चालू हाय."

मी व्हरांड्यात इकडेतिकडे पाहिलं. तीन वर्षं त्या व्हरांड्यात माझा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. मग मी कठडा धरला, पोटातून श्वास घेतला, आणि निफाडपर्यंत जाईल असं ओरडले, "मी पास झाले!" एकेक करत खोल्यांची दारं उघडली, मुली बाहेर आल्या. फोनमधून बायकांचा एकच कल्ला आला, त्यात कुणीतरी डबा वाजवत होतं.

मी आणखी एकदा ओरडले.